१ मेच्या ग्रामसभेला जायचंय, पण माझं नाव पुण्याच्या यादीत आहे

माळरान (१४ एप्रिल)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी अंगाला आमचं गाव, मतदार साधारण चोवीसशे. मी गेली तेरा वर्षं पुण्यात, आई गावी. डिसेंबर २०२२ मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, सरपंच थेट जनतेतून निवडून आले. कामं होतात, नाही असं नाही.

शिमग्याला गेलो तेव्हा शाळेच्या भिंतीवर रंगवलेला कामाचा फलक पाहिला. शाळा ते मारुती मंदिर बंदिस्त गटार, लांबी १४० मीटर, निधी पंधरावा वित्त आयोग. घरी येऊन ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींच्या खर्चाचं सरकारी संकेतस्थळ) गाव काढलं, तर पैसे अदा झालेले दिसतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी बघायच्या आत, पावलांनी मोजलं. सत्तर मीटरच्या वर एक वीत नाही.

१ मेला ग्रामसभा आहे. उठून विचारायचं ठरवलंय. आयुष्यात एकाही ग्रामसभेला गेलेलो नाही. गेल्या गेल्या "हे बघा पुण्याचे पाव्हणे" असं ऐकावं लागणार हे नक्की. शिवाय माझं मतदारयादीतलं नाव पुण्यात आहे. मला बोलता येतं का? विषय कसा मांडतात? अनुभवी लोकांनी सांगावं.

---

टपरीवरचा_चहा

पहाटे गटार मोजणारा माणूस. धागा वाचनखुणेत टाकला आहे.

---

दप्तरदार

माळरान, मी ३१ वर्षं ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, मी जुन्याच नावाने निवृत्त झालो. तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

पहिली गोष्ट, "उठून विचारायचं" हे डोक्यातून काढा. सभेत उठून विचारलेला प्रश्न म्हणजे वाऱ्यावरची वरात. विषयपत्रिकेवर नसलेलं सगळं शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय" यात जातं. तोवर दीड तास झालेला असतो, चहा येऊन गेलेला असतो आणि निम्मे लोक उठलेले असतात. आम्ही मुद्दाम तसंच करायचो असं म्हणत नाही, पण तसं होणं आम्हाला गैरसोयीचंही नव्हतं.

नेहमीच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. नोटिशीआधीच विषय लेखी द्या. साधा अर्ज, एकच विषय, चार ओळी: "अमुक कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका व खर्च ग्रामसभेपुढे ठेवावा." आवक क्रमांक घालून दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलेलाच नाही, असं समजून चाला. आज १४ तारीख आहे, वेळ आहे.

दुसरी गोष्ट कोरमची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी तो आकडा. तुमच्या चोवीसशेच्या १५ टक्के म्हणजे ३६०, म्हणून तुम्हाला १०० लागतील. १०० जमले नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही! गावोगावी खरा कारभार या तहकूब सभेत होतो. पंधरा माणसं, त्यातले नऊ सदस्य. पहिल्या सभेला गर्दी झाली नाही याचं ज्याला वाईट वाटत नाही, तो माणूस हेरून ठेवा.

तिसरी, आणि ही सगळ्यात कामाची. हजेरीच्या वहीवर सह्या आधी होतात, ठराव प्रोसिडिंगला नंतर लिहिले जातात, कधी कधी दोन दिवसांनी. सभा संपायच्या आधी "आपल्या विषयाचा ठराव लिहा आणि वाचून दाखवा" एवढं एकच वाक्य बोला. सूचक कोण, अनुमोदक कोण, दोन्ही नावं त्यात येऊ द्या.

आता तुमच्या नावाचं. गावच्या मतदारयादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य, हे कायद्यात स्पष्ट आहे. तुमच्या मातोश्री सदस्य आहेत, तुम्ही नाही. बसायला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण हात वर करायचा नाही. अर्ज आईंच्या नावाने द्या.

---

शांभवी_क

दप्तरदार काकांचा प्रतिसाद छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा.

माळरान, राग मानू नका, पण एक विचारते. पुण्यात तेरा वर्षं आहात. तुमचा प्रभाग कोणता? तुमचं क्षेत्रीय कार्यालय कुठे आहे?

---

माळरान

काका, शतशः आभार. आईला फोन केला. ती म्हणाली, "माझ्या नावानं दे, पण भांडण नको."

शांभवी, प्रभाग क्रमांक बघून सांगतो. जानेवारीत मतदान केलं तेव्हा चिठ्ठीवर होता. पण विषय गावाचा आहे.

---

शांभवी_क

मी पण तिकडेच येत होते :) १५ जानेवारीला मतदान झालं, तेही महापालिकेचं २०१७ नंतर पहिल्यांदा. मार्च २०२२ पासून मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते, एकही नगरसेवक नव्हता. त्या काळात आमच्या सोसायटीतल्या लोकांना फरक जाणवला का? पाणी येत होतं तोवर नाही. गटार पावलांनी मोजणारा माणूस आपल्या गल्लीत मात्र फूटपाथ कधी उखडला हे सांगू शकत नाही, याला काय म्हणावं?

---

कडू_कारलं

याला नॉस्टॅल्जिया म्हणतात. गावची माती, गावची जत्रा, गावचं गटार.

---

माळरान

पटलं, पण लागलंही. गावात मला बापाच्या नावाने ओळखतात. पुण्यात फ्लॅट नंबराने. तिथे कुणाच्या तोंडाने प्रश्न विचारायचा?

बरं, मग नाव गावी हलवू का? बरेच जण दोन्हीकडे नाव ठेवतात असं ऐकलंय.

---

वकिलीण_बाई

दोन्हीकडे ठेवू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० प्रमाणे एका व्यक्तीचं नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत, तेही एकदाच. अर्जात खोटं निवेदन केलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "सगळेच करतात" हा बचाव होत नाही.

आणि हलवणं हीसुद्धा तुमच्या मर्जीची गोष्ट नाही. निकष आहे "सर्वसाधारण रहिवास". गावात घर आहे, सातबारावर नाव आहे, तेवढ्याने रहिवास सिद्ध होत नाही. खरोखर राहायला गेलात तर नमुना ८ भरून नाव हलवा.

---

पेठेतला

पुण्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आमच्या महापालिकेत २००६ पासून नागरिकांचा अंदाजपत्रकात सहभाग अशी योजना आहे. क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज भरायचा, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवायचं. बाक, दिवे, फूटपाथची दुरुस्ती, बसथांब्याचं छप्पर, असलं. अर्ज साधारण पावसाळ्यात मागवतात. जाहिरात पेपरच्या आतल्या पानावर, चहाच्या कपाखाली येते तिथे.

मी आजवर सहा कामं सुचवली, दोन झाली. एक बाक आणि एक गतिरोधक. बाकावर आता रोज संध्याकाळी चार आजोबा बसतात आणि महापालिका काहीच करत नाही यावर चर्चा करतात.

नाकारलेल्या चारांपैकी दोन माझ्या चुकीने गेली, कारण जागा महापालिकेच्या ताब्यातली नव्हती. अर्जाआधी कनिष्ठ अभियंत्याला भेटा. तो वाईट माणूस नसतो, त्याला कुणी भेटायला येत नाही इतकंच. येतात ते भांडायला.

शिवाय महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघता याव्यात असं शासनाचं २०१८ चं परिपत्रक आहे. माहिती अधिकारात दहा रुपये भरून तीस दिवस वाट बघण्याआधी ही खिडकी ठोठावून पाहा.

---

कडू_कारलं

क्षेत्रसभेचं पण सांगा की. २००९ मध्ये शहरांसाठी कायद्यात घातली, गावच्या ग्रामसभेसारखी. किती जणांनी पाहिली आहे? हात वर करा. (दप्तरदार म्हणतील कोरम नाही, सभा तहकूब.)

---

दप्तरदार

तहकूब सभा इथेच, याच वेळी, अर्ध्या तासाने.

---

मिरगाचा_पाऊस

मला महिला ग्रामसभेबद्दल लिहायचंय, कारण वरती सगळे ती विसरलेत. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावीच लागते. आमच्याकडे (लग्नानंतरचं गाव, मराठवाडा) ती कशी व्हायची? शिपाई वही घेऊन दारोदार. "वहिनी, सही." कशावर, हे विचारायची पद्धत नव्हती. माझ्या सासूबाईंनी वीस वर्षं सह्या केल्या आणि त्यांना वाटत होतं रेशनचं काहीतरी असावं.

बचत गटातल्या आम्ही अकराजणींनी एकदा शिपायाला सांगितलं, सही देत नाही, सभेला येतो. त्याची पंचाईत झाली, कारण सभाच नव्हती! मग घाईघाईने शाळेत सतरंजी टाकली. आम्ही चाळीसजणी गेलो. एकच विषय होता. पाणी पहाटे चारला सोडतात, ते सहाला सोडा. बस. यासाठी निधी नको, मंजुरी नको. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याने दोन तास उशिरा उठायचं.

ते व्हायला तीन ग्रामसभा लागल्या. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा "विचार करू". तिसऱ्यांदा आम्ही आडव्या बाटलीचं नाव काढलं. दारूचं दुकान बंद करायला २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मतदान मागता येतं आणि निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. दुकान कुणाच्या मेव्हण्याचं होतं ते लिहीत नाही. पाणी पुढच्या सोमवारपासून सहाला आलं.

दुकान अजून आहे. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्या दिवशी आम्हाला पाणी हवं होतं.

---

टपरीवरचा_चहा

__/\__

---

मांडवीकाठ

गोंयच्यानं नमस्कार. आमच्या ग्रामसभा रविवारी असतात आणि शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर नि १९ डिसेंबर, म्हणजे मुक्तीदिन, या खास. कोरमची चिंता आमच्याकडे उलटी. लोक मावत नाहीत. सरपंच मागच्या दाराने गेला अशा बातम्या इथे नवीन नाहीत.

कारण एकच, जमीन. कुठल्या डोंगरावर कुठला प्रकल्प येतो, हे लोक ग्रामसभेत विचारतात. २०११ सालापर्यंतचा म्हणून जो प्रादेशिक आराखडा होता, तो जनआंदोलनामुळे सरकारला जानेवारी २००७ मध्ये रद्द करावा लागला, त्याच्या मागे गावागावांतल्या बैठका होत्या. पण एक खरं सांगतो. आमच्या ग्रामसभेत पाच तास बिल्डरवर भांडण होतं आणि पंचायतीच्या अंदाजपत्रकाला दहा मिनिटं. ते तुमच्यासारखं पावलांनी कुणी मोजत नाही.

---

तेंदूपान

मोठ्या आवाजाच्या ग्रामसभांबद्दल वाचलं. आमच्या गडचिरोलीकडची दुसरी बाजू सांगतो. मेंढा (लेखा) हे गाव सगळ्यांना "आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे माहीत आहे. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. बातम्या तिथपर्यंतच येतात.

त्याआधीची वर्षं बातमीत येत नाहीत. तिथे अभ्यास गट चालायचा. बसायचं, एखादा कायदा घ्यायचा, त्याचा अर्थ लावायचा. निर्णय तिथे नाही, निर्णय ग्रामसभेत. तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एक जरी "नाही" म्हणाला तर थांबायचं. बाहेरून येणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटतं. पण हरलेला गटच नसतो, त्यामुळे उद्या तो ठराव मोडायला कुणी टपलेलं नसतं.

तुमच्याकडे सर्वसहमती जमायची नाही, मान्य. पण सभेच्या आधी पाच माणसांनी पारावर बसून तो खर्चाचा कागद नीट वाचला, तर सभेतलं निम्मं भांडण कमी होईल.

---

कडू_कारलं

पारावर बसतील. मग त्यातला एक पुढच्या वेळी सदस्यपदाला उभा राहील. मग तोच गटार बांधेल. मी निवडणुकीत दोनदा काम केलंय, मला शिकवू नका. फलक रंगवायचा ठेकासुद्धा कुणाचा तरी असतो.

---

दप्तरदार

कारलेबुवा, उभा राहू द्या की. खर्चाचा कागद वाचता येणारा सदस्य आला तर ग्रामसेवकाचं आयुष्य वाढतं. आम्हाला त्रास न वाचणाऱ्यांचा असतो. "भाऊसाहेब, तुम्ही लिहा, मी सही करतो" असं म्हणणाऱ्यांपायी माझे दोन सहकारी चौकशीत अडकले.

माळरान, एक राहिलं. गटाराचं मोजमाप ग्रामसेवक लिहीत नाही. पंचायत समितीचा अभियंता जागेवर येऊन मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, चढवतो. बिल त्यावर निघतं. म्हणून सभेत सरपंचाला "पैसे कुठे गेले" विचारू नका. "एमबीतलं मोजमाप वाचून दाखवा" म्हणा. पहिल्या वाक्याने भांडण होतं, दुसऱ्याने कपाट उघडतं.

---

साता_समुद्रापार

इथे अमेरिकेत आमच्या गावच्या कौन्सिलच्या बैठकीत कुणालाही माइकसमोर तीन मिनिटं बोलता येतं. समोर घड्याळ उलटं पळत असतं. मी एकदा शाळेजवळच्या सिग्नलसाठी उभा राहिलो. दोन मिनिटं घसा खाकरण्यात आणि आडनावाचं स्पेलिंग सांगण्यात गेली. माझ्या आधीची बाई शेजारणीच्या कोंबड्यांवर बोलली, तिला टाळ्या पडल्या. सिग्नल नाही आला.

---

माळरान (३ मे)

मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

अर्ज आईच्या नावाने १७ तारखेला दिला, पोच घेतली. शिपाई म्हणाला, "पोच कशाला, घरचंच हाय." काकांचं वाक्य आठवून तिथेच उभा राहिलो. शिक्का मिळाला. विषयपत्रिकेत आमचा विषय सातवा.

१ मेला झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा. मी शेवटच्या ओळीत. "पुण्याचे पाव्हणे" अपेक्षेप्रमाणे दोनदा ऐकलं. कोरम भरेना. ९१ वर गाडी अडली. तेव्हा आई उठली, बायकांच्या बाजूला जाऊन काहीतरी बोलली आणि समोरच्या आळीतून अठराजणी पदर खोचत आल्या. मिरगाचा_पाऊस, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला होता.

सातवा विषय आला. आईने उठून काकांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं: "एमबीतलं मोजमाप वाचून दाखवा." पटांगण एकदम गप्प. ग्रामपंचायत अधिकारी तरुण आहेत, त्यांनी फाईल आणलीच होती. वाचलं: "डावी बाजू ७० मीटर, उजवी बाजू ७० मीटर, एकूण १४०."

मी मागून न राहवून ओरडलो, "उजवीकडे गटार आहेच कुठे?" बोलायचा हक्क नव्हता, तरी ओरडलो.

तेवढ्यात एक म्हातारबा हसायला लागले. "आरं, हाय की. तुज्या चुलत्याच्या वट्याखाली हाय!"

उजव्या बाजूला चार दुकानं. गटार झालं, ढापे बसले, आणि महिन्याभरात चौघांनी त्यावर ओटे ओढले, वर कोबा केला. पहिला ओटा आमच्या नानांचा. मी पहाटे गटार मोजायला गेलो तेव्हा त्याच ओट्यावर बसून चहा पिऊन आलो होतो. पाणी तुंबतं ते तिथेच, कारण गाळ काढायला ढापा उघडताच येत नाही.

सगळं पटांगण हसत होतं, सरपंच सगळ्यात जास्त. नाना पहिल्या रांगेत होते. ते हसत नव्हते.

ठराव झाला. चारही ओटे गटारावरून पंधरा दिवसांत काढून घ्यावेत, न काढल्यास ग्रामपंचायतीने काढावेत. सूचक म्हणून आईचं नाव. वाचून दाखवायला लावला.

---

टपरीवरचा_चहा

चुलत्याचा ओटा!!! हा या संस्थळाच्या इतिहासातला सर्वोत्तम धागा आहे.

---

दप्तरदार

माझ्या ३१ वर्षांत असे ओटे चाळीसेक पाहिले. त्यातला एक माझ्या साडूचा होता.

ठरावाची नक्कल मागून ठेवा. आणि मोजायला जाताना पुढच्या वेळी उजेड पडल्यावर जा.

---

शांभवी_क

आईंना माझा नमस्कार सांगा. प्रभाग क्रमांक सापडला का?

---

माळरान

सापडला. क्षेत्रीय कार्यालय माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर आहे, रोज त्याच्यासमोरून जातो. आतापर्यंत मला ते टपाल खात्याचं वाटत होतं. पेठेतला, पावसाळ्यात अर्ज निघाले की इथे टाका. आमच्या बसथांब्याला छप्पर नाही.

---

पेठेतला

टाकतो. आधी बघून घ्या, छपराच्या जागेवर कुणाचा ओटा नाही ना.

---

माळरान (१९ मे)

तीन ओटे निघाले. आमच्या नानांचा राहिलाय. आज सकाळी आई स्वतः त्यांच्या दुकानात गेली होती. साखर घेऊन आली, बोलणं काय झालं ते सांगत नाही.